फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नाही

सप्टेंबरच्या सतरा तारखेच्या आसपास कोलकात्यात आणि नदीपलीकडच्या हावड्यात एक दिवस असा येतो, की लेथ, ड्रिल, प्रेस, रोलर सगळं बंद. विश्वकर्मा पूजेचा दिवस. हावड्याच्या बेलिलियस रोडवरच्या लेथवाल्यांपासून बउबाजारच्या सोनारांपर्यंत सगळे मशीन घासूनपुसून घेतात, हार घालतात, प्रसाद वाटतात आणि दुपारी गच्चीवर पतंग उडवायला जातात. आपल्याकडे हेच खंडेनवमीला आणि दसऱ्याला होतं. नाव वेगळं, तिथी वेगळी, भावना तीच: जे हत्यार पोट भरतं त्याला नमस्कार.

पण मशीनला वीज जिथून येते त्या बोर्डाला फार तर एक झेंडूचं फूल अडकवतात. बोर्डाच्या आत डोकावून कोणी पाहत नाही. आत पंधरा वर्षांपूर्वीचा पोर्सेलिनचा फ्यूज असतो, त्यात कुणीतरी कधीतरी घातलेली जाड तार असते आणि हिरव्या रंगाची एक वायर कुठेही न जोडलेली लोंबत असते.

२०२५ मध्ये विश्वकर्मा पूजेनंतर आठवडाही उलटला नव्हता. २२-२३ सप्टेंबरच्या रात्री कोलकात्यावर पाऊस कोसळला. चोवीस तासांच्या आत सुमारे २५० मिलीमीटर. दुर्गापूजेचे मांडव उभे राहत होते, रस्ते कमरेइतक्या पाण्यात गेले. शहर आणि आसपास मिळून किमान दहा जण दगावले, त्यातले बहुतेक बुडून नव्हे, विजेच्या धक्क्याने. दोष कुणाचा यावर पुढे बरीच वादावादी झाली. आपल्याला त्या वादात शिरायचं नाही. पण पाणी आणि उघडी वीज एकत्र आली की काय होतं, हे त्या सकाळी सगळ्या शहराने पाहिलं. आणि कोलकात्यातले छोटे कारखाने बहुतेक करून तळमजल्यावरच असतात.

मिलिग्रॅमचा हिशेब, मिलिअँपिअरचा नाही

मराठी वाचकाला कोलकात्याच्या कारखान्यांशी काय देणंघेणं, असं वाटेल. आहे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं सोनंचांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर गेली. त्यांना आपण गलाई बांधव म्हणतो. विटा परिसरात असं घर विरळाच, ज्याचा एखादा काका किंवा भाऊ परमुलखात भट्टीपुढे बसलेला नाही. कोलकात्यातही ही मंडळी आहेत. गावाकडे यात्रेला येणारी, मुलांना मराठी यावं म्हणून धडपडणारी, आणि दिवसाचे बारा तास दहा बाय बाराच्या खोलीत काम करणारी.

पूर्वी त्या खोलीत कोळशाची भट्टी आणि हाताने फिरवायचा भाता असे. आता विजेची भट्टी आली, पत्रा आणि तार काढायला मोटारीवर चालणारा रोलर आला, पॉलिशची मोटार आली, धूर ओढणारा पंखा आला. खोली मात्र तेवढीच राहिली, आणि बऱ्याच ठिकाणी तिची वायरिंगही तीच राहिली, जी कधीकाळी दोन बल्ब आणि एक पंखा यांच्यासाठी केलेली होती. भरीला गलाईच्या कामात नायट्रिक आम्ल लागतं. त्याच्या वाफा तांब्याला खातात. बोर्डातल्या आणि अर्थिंगच्या वायरींची टोकं हिरवी पडतात, पकड सैल होते, आणि वरून सगळं जागच्या जागी दिसतं.

या धंद्यात मिलिग्रॅमचा हिशेब असतो. जमिनीवरची धूळ झाडून, जाळून त्यातलं सोनं परत काढतात. पण मिलिअँपिअरचा हिशेब विचारला तर कुणाकडे नसतो. आणि जीव जातो तो मिलिअँपिअरमध्ये.

हे कसं, ते आकड्यांतच पाहू. शरीरातून १ मिलिअँपिअर वीज गेली तर मुंग्या येतात. साधारण १० मिलिअँपिअरला स्नायू आखडतात, हातातली वस्तू सुटत नाही. ‘विजेने धरून ठेवलं’ असं आपण म्हणतो ते हेच. ३० च्या पुढे श्वास अडखळतो. ५० ते १०० मिलिअँपिअर वीज सेकंदभर छातीतून गेली, तर हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरायला लागू शकतं. घामाने ओल्या शरीराचा रोध हिशेबाला १००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर वाहणार. म्हणजे माणूस मरायला पुरेसे, दुप्पट-तिप्पट.

आता बोर्डावरचा १५ अँपिअरचा फ्यूज घ्या. १५ अँपिअर म्हणजे १५,००० मिलिअँपिअर. माणसातून जाणारे २३० त्याच्या खिजगणतीतही नाहीत. माणूस मशीनला चिकटून असेल, फ्यूज शांत असेल, वरचा पंखा फिरत असेल. फ्यूजचं आणि साध्या एमसीबीचं काम वायर तापून पेटू नये हे आहे. ते काम ते चोख करतात. पण ते माणसासाठी बनवलेलेच नाहीत. ‘आमच्याकडे नवीन एमसीबी बसवलेत, काळजी नाही’ हे वाक्य ऐकलं की मला म्हणूनच काळजी वाटते.

अर्थिंग आहे म्हणजे नक्की काय आहे?

मग माणसाला कोण वाचवतं? पहिलं उत्तर अर्थिंग. मशीनच्या आत एखादी वायर घासून तिचं वेष्टण गेलं आणि ती लोखंडी अंगाला टेकली, तर सगळं मशीन ‘जिवंत’ होतं. अंगाला अर्थची वायर जोडलेली असेल तर वीज तिच्यातून जमिनीत जाते, भरपूर जाते, आणि त्या लोंढ्याने फ्यूज उडतो. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो.

पुढचा भाग शाळेत सांगत नाहीत. जिथे आपल्याच खड्ड्यातल्या अर्थिंगवर सगळी भिस्त आहे, तिथे समजा त्या खड्ड्याचा रोध ६ ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा व तारेचा मिळून ४. एकूण १०. म्हणजे २३० व्होल्टला वीज वाहणार फक्त २३ अँपिअर. तार बदलायचा जुना १५ अँपिअरचा फ्यूज जवळपास दुप्पट वीज गेल्याशिवाय लवकर वितळत नाही. तो बसून राहील. तेवढा वेळ मशीनच्या अंगावर २३ गुणिले ६, म्हणजे १३८ व्होल्ट असतील आणि त्या सगळ्या वाटेवर मिळून पाच किलोवॉटच्या आसपास उष्णता तयार होत राहील. अर्थिंग आहे, फ्यूज आहे, तरी धक्का आहे आणि आगही लागू शकते.

त्यात बऱ्याच जणांचं अर्थिंग म्हणजे मीठ-कोळसा घालून वीस वर्षांपूर्वी पुरलेला पाइप, ज्याच्यावर नंतर फरशी बसली. अर्थिंगसाठी भारतीय मानक आयएस ३०४३ आहे. लोखंडी पाइप असेल तर किमान अडीच मीटर लांब, पत्रा असेल तर ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा, अशी मापं ठरलेली आहेत. तीन फेजच्या मोटारीच्या अंगाला अर्थच्या दोन स्वतंत्र वायरी हव्यात, एक तुटली तरी दुसरी राहावी म्हणून. रोध मोजायला मीटर असतो, अर्थ टेस्टर. ज्याने अर्थिंग केलं त्याला ‘रीडिंग किती आलं?’ एवढंच विचारा. उत्तरात आकडा आला नाही, तर मोजलेलं नाही.

आणि एक जुगाड, जो देशभर चालतो. अर्थिंग नाही, मग वायरमन मशीनच्या अंगाची वायर सरळ न्यूट्रलला जोडून देतो. टेस्टर लावला तर पेटत नाही, मशीन चालतं, सगळे खूश. पण खोलीत येणारा न्यूट्रल एक दिवस कुठेतरी सुटला, आणि सैल जोड ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, तर फेजची वीज पंख्यातून, बल्बमधून फिरून न्यूट्रलच्या तुटलेल्या टोकापर्यंत येते आणि तिथून थेट मशीनच्या अंगावर. मशीनमध्ये काहीही बिघाड नसताना. खोलीतली प्रत्येक लोखंडी वस्तू एकाच वेळी २३० व्होल्टवर. याला मी जुगाड म्हणतो ते सौम्य शब्दात.

जो सारखा पडतो, तोच खरं बोलतो

दुसरं उत्तर आरसीसीबी. जुनी माणसं ईएलसीबी म्हणतात. हे यंत्र साधी तुलना करतं: फेजमधून जेवढी वीज गेली तेवढीच न्यूट्रलमधून परत आली का? थोडी कमी आली, तर ती दुसऱ्याच वाटेने गेली, कदाचित एखाद्या माणसातून. फरक ३० मिलिअँपिअर झाला की ते एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडतं, फरक मोठा असेल तर त्याहून खूप लवकर. मघाशी सांगितलेल्या १५,००० शी तुलना करा. पाचशे पट जास्त चौकस.

किंमत? चांगल्या बनावटीचं साधं दोन पोलचं आरसीसीबी घेतलं, तर अर्धा ग्रॅम सोन्याइतकेही पैसे लागत नाहीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांतही अशा गळती-संरक्षणाची अट आहे. तरीही कितीतरी कारखान्यांत ते नसतं, आणि असलं तर त्याला वळसा घालून वायर टाकलेली असते. कारण एकच सांगतात: ‘सारखं पडतं हो. काम होत नाही.’

ही तक्रार खोटी नसते. भट्टी पेटलेली आहे, सोनं वितळतंय, आणि नेमकं तेव्हा आरसीसीबी पडलं तर कारागिराचा जीव वरखाली होणारच. मालक ‘आत्ताच्या आत्ता चालू करा’ म्हणणार आणि वायरमन त्याला काढून थेट जोडणार. पण सारखं का पडतं, हे पाहायला अर्धा दिवस दिला तर बहुतेक वेळा कारण सापडतं. एखाद्या मोटारीच्या गुंडाळीत ओल शिरलेली असते. भट्टीच्या हीटरचं वेष्टण तडकलेलं असतं. किंवा वायरमनने दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र पिळलेले असतात. मग गळती नसतानाही हिशेब जुळत नाही आणि यंत्र पडतं. कधी कुठेच मोठा दोष नसतो. पाच-सहा मशीनची प्रत्येकी तीन-चार मिलिअँपिअरची किरकोळ गळती एकाच आरसीसीबीवर येऊन जमा झालेली असते. पावसाळ्यात तेवढीच आणखी वाढली की पडलं.

यावर इलाज काढून टाकणं नाही, वाटून देणं आहे. सगळ्या कारखान्याला एकच ३० मिलिअँपिअरचं न लावता मुख्य बोर्डावर १०० किंवा ३०० चं लावायचं. ते आगीसाठी. ३०० मिलिअँपिअरची गळती म्हणजे एकाच जागी जवळपास ७० वॉटचा निखारा, धूळ आणि तेल साचलेल्या कोपऱ्यात एवढा पुरतो. माणसाच्या हाताशी येणाऱ्या सॉकेटांना आणि मशीनना वेगवेगळे ३० चे. असं केलं तर एका मशीनच्या दोषाने भट्टी बंद पडत नाही, आणि कुठलं मशीन गळतंय तेही लगेच कळतं.

एक बारकावा. मोटारीचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी, लावलेला असेल तर साधं, ‘एसी’ प्रकारचं आरसीसीबी चालत नाही. ड्राइव्हमुळे गळतीचं रूप बदलतं; साधं यंत्र एकतर विनाकारण पडतं, नाहीतर आंधळं होतं. त्यासाठी ‘ए’, ‘एफ’ किंवा ‘बी’ प्रकार असतात. कुठला घ्यायचा ते ड्राइव्हच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असतं. हल्ली घरात एक फेज असताना तीन फेजची छोटी मोटार चालवायला अनेक हौशी मंडळी असा ड्राइव्ह घेतात. उत्तम सोय आहे. फक्त मोटारीच्या पाटीवर २३० व्होल्ट डेल्टा असं लिहिलंय का आणि तिची सहाही टोकं बाहेर आहेत का, हे पैसे देण्याआधी पाहावं.

वीज गेल्यावरचा क्षण

विजेमुळे होणारे सगळे अपघात धक्क्याने होत नाहीत. रोलरवर पत्रा अडकला. तेवढ्यात वीज गेली. कारागीर म्हणाला, बरं झालं, आणि हात घालून पत्रा सोडवायला लागला. वीज परत आली. पुढचं लिहायला नको. दोन लोखंडी रूळ बोट आणि पत्रा यांत फरक करत नाहीत.

हे टाळायला शंभर वर्षांपासून एक साधी वस्तू आहे: स्टार्टर. त्यातली नो-व्होल्ट कॉइल वीज गेली की सुटते आणि वीज आली तरी आपोआप जुळत नाही. हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. पण कित्येक ठिकाणी मोटार थेट एमसीबीने किंवा जुन्या खटक्याने चालू-बंद करतात. म्हणजे वीज आली की मशीन सुरू. तीन फेजच्या मोटारींना स्टार्टर बहुधा असतो. एक फेजच्या दोन एचपीपर्यंतच्या मोटारींना तो जवळजवळ कधीच नसतो, आणि छोट्या कारखान्यात याच जास्त. लाल, मोठ्या डोक्याचं आणीबाणीचं बटणही हात पोचेल तिथे हवं. रोलरच्या बाबतीत तर पायाने दाबता येईल असं, कारण गरज पडेल तेव्हा हात मोकळे नसतील.

स्टार्टरमध्ये दुसरा भाग असतो ओव्हरलोड रिले. त्याचा आकडा मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरइतका ठेवायचा असतो. ‘पडतोय’ म्हणून तो पूर्ण वर फिरवून ठेवला, की तो असून नसल्यासारखा. याचा त्रास कधी होतो? तीनपैकी एक फेज जातो तेव्हा. उभी मोटार नुसती ‘हूं’ करत राहते, फिरती मोटार फिरतच राहते, पण उरलेल्या दोन फेजमधली वीज पावणेदोन पटीपर्यंत वाढते. काही मिनिटांत गुंडाळी करपते. मोटार गुंडाळून घेण्याचा खर्च होतो, तो निराळा. पण करपलेलं वेष्टण म्हणजेच मशीनचं अंग जिवंत होण्याची सुरुवात. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नावाची छोटी डबी हे थांबवते. लेथवाल्यांनी फेजचा क्रमही पाहावा. बाहेर केबल दुरुस्त झाल्यावर दोन फेज उलटसुलट जोडले गेले तर मोटार उलटी फिरते, आणि आट्यांवर बसवलेला चक उलट्या फिरण्याने सुटून येऊ शकतो. वीस-पंचवीस किलोचा चक सुटला तर तो कुठे जाईल, सांगता येत नाही.

वायर तीच, भार तिप्पट

मोटार सुरू होताना पाटीवरच्या आकड्याच्या सहा-सात पट वीज ओढते, काही क्षणच. म्हणून मोटारीला ‘सी’ प्रकारचा एमसीबी लावतात, जो हा क्षणिक लोंढा सहन करतो. घरगुती ‘बी’ प्रकारचा लावला तर तो दर वेळी पडतो, मग चिडून कुणीतरी दुप्पट अँपिअरचा बसवतो. आता वायर पेटेल, एमसीबी पडणार नाही. एमसीबीचा आकडा वायरीपेक्षा मोठा कधीच नसावा. पडत असेल तर प्रकार बदला, आकडा नको. फ्यूजमध्ये जाड तार भरणं हाच त्याचा जुना अवतार. १५ अँपिअरसाठी कलईच्या तांब्याची साधारण अर्ध्या मिलीमीटरची तार लागते. वायरीतले उरलेले धागे पिळून घालणं म्हणजे फ्यूजच्या जागी खिळा ठोकणं.

एक्स्टेन्शन बोर्डाचा हिशेबही एकदा करून पाहा. तीस मीटर लांब, १ चौरस मिलीमीटरची वायर. जाऊन येऊन साठ मीटर, रोध सुमारे १.१ ओहम. दोन एचपीची एक फेजची मोटार सुरू होताना ५० अँपिअर मागत असेल तर वायरीतच ५५ व्होल्ट गडप होतात. मोटारीला मिळतात १७५. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे उरली साठ टक्क्यांहून कमी. ती कण्हत कण्हत सुरू होते किंवा होतच नाही, आणि तेवढा वेळ वायर तापत राहते. ‘इथे व्होल्टेजच कमी आहे’ म्हणून वीज कंपनीला नावं ठेवण्याआधी आपली वायर मोजावी. मोटारीच्या ओळीला अडीच किंवा चार चौरस मिलीमीटरची, अंतर पाहून.

मंजूर भार हाही असाच दुर्लक्षित विषय. घरगुती मीटरवर भट्टी आणि रोलर चालवले तर बिल वाचल्यासारखं वाटतं. पण बाहेरून येणारी केबल, कटआउट, मीटर सगळं त्या छोट्या भाराच्या मापाचं असतं, आणि ते आपल्या एमसीबीच्या आधी येतं. तिथे आग लागली तर आपल्या बोर्डातलं काहीही ती थांबवू शकत नाही. आणि ही आग वरच्या मजल्यावर झोपलेल्या कुटुंबांपर्यंत जाते. जुन्या कोलकात्यात एकाच इमारतीत खाली कारखाने आणि वर बिऱ्हाडं, हे अगदी नेहमीचं.

या शहराला विजेची ओळख नवी नाही. १७ एप्रिल १८९९ ला इमामबाग लेनमधलं वीजकेंद्र सुरू झालं, १९०२ मध्ये इथल्या ट्राम घोड्यांऐवजी विजेवर धावू लागल्या. मुंबईत विजेची ट्राम आली १९०७ मध्ये. त्या काळात कारखान्यात एकच इंजिन असे, छताखालून लांब शाफ्ट फिरे आणि प्रत्येक मशीन पट्ट्याने त्याला जोडलेलं असे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये आजच्या सांगली जिल्ह्यातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभारली, तेव्हाही कारखाना म्हणजे शाफ्ट आणि पट्टे. त्या पट्ट्यांनी हात नेले, पण धोका डोळ्यांना दिसत होता, कानांना ऐकू येत होता. प्रत्येक मशीनला आपली मोटार आली आणि धोका वायरीत जाऊन बसला.

पाणी ओसरल्यावर

पावसाचं पाणी खोलीत शिरलं तर पहिलं काम मेन स्विच बंद करणं, तेही पाण्यात उभं न राहता हात पोचत असेल तरच. नाहीतर वीज कंपनीला कळवून बाहेरून तोडून घ्यावी; तक्रारीचा क्रमांक १९१२. म्हणूनच बोर्ड आणि सॉकेट तळमजल्यावर छातीच्या उंचीला हवेत. नवीन वायरिंग करताना याचा वेगळा खर्च जवळजवळ येत नाही.

पाणी उतरलं की मशीन वरून पुसून लगेच चालू करायचा मोह होतो. सणासुदीच्या ऑर्डरी असतात. पण मोटारीच्या गुंडाळीतली ओल कापडाने निघत नाही. मोटार उघडून वाळवायची आणि मेगरने मोजायची. गुंडाळी आणि अंग यांच्यात किमान १ मेगाओहम आल्याशिवाय वीज द्यायची नाही. खिशातल्या निऑन टेस्टरवर विसंबून राहू नये. तो पेटला नाही याचा अर्थ वीज नाही, असा होत नाही.

आता ज्यांच्या घरी कारखाना नाही त्यांनी स्वयंपाकघरात पाहावं. घरघंटी म्हणजे एक एचपीची मोटार आणि लोखंडी पेटी. शिलाई मशीनची मोटार, पाणी चढवायची मोटार, ओल्या हाताने लावायचं वॉशिंग मशीन, सगळ्यांना वरचं सगळं लागू आहे. घरघंटीची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावली, की तिचं अर्थिंग तिथेच संपलं. पीठ काढताना हाताला हलकी झिणझिण जाणवते ना? तिला ‘थोडासा करंट येतो, काही होत नाही’ म्हणून सोडू नका. आज पायात कोरडी चप्पल आहे म्हणून तो थोडासा आहे.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, वीज लगेच गेली पाहिजे. नाही गेली तर यंत्र मेलेलं आहे, बदलायचं. हे काम घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला वडीलधाऱ्यांसमोर करायला द्यावं, मुलं विसरत नाहीत. मात्र हे बटण फक्त यंत्र तपासतं, अर्थिंग नाही. त्याचं रीडिंग वर्षातून एकदा वेगळं घ्यायचं, आणि त्यासाठी वर्षातला एक बंद दिवस लागतो. परवानाधारक वायरमनला विश्वकर्मा पूजेच्या किंवा खंडेनवमीच्या सकाळीच बोलवावं; मशीन बंद, माणसं मोकळी, खोली झाडलेली. अर्थचं रीडिंग, प्रत्येक मोटारीचा मेगर, आम्लाच्या वाफांनी हिरवी पडलेली टोकं कापून नव्याने कसणं. दोन-तीन तासांचं काम. आकडे आणि तारीख बोर्डाच्या झाकणाच्या आत खडूने नाही, पक्क्या शाईने लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी रोध ६ चा १२ झालेला दिसला, तर खड्डा सुकलाय किंवा वायर सडलीय हे विचारल्याशिवाय कळतं.

कुणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावायच्या आधी मेन बंद. बंद करता येत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करायची. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचं आणि दुसऱ्याने ११२ ला फोन करायचा. माणूस उठून बसला, ‘काही झालं नाही’ म्हणून पुन्हा मशीनकडे वळला, तरी त्याला दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यायचा. हृदयाचे ठोके काही वेळाने बिघडू शकतात.